मृगशृंगे : भित्तिसजावट व जतन

मृगशृंगे, भिंतीवरील : सर्व्हिडी या कुळातील हरणांच्या नरांच्या डोक्यावर उगवणाऱ्या, फाटे असलेल्या भरीव शिंगांस मृगशृंगे म्हणतात. ती कवटीच्या कपाळाकडील तुकड्यासह, चर्मपूरण केलेल्या मुंडक्यासह किंवा नुसतीच लाकडी ढालीवर बसवून भिंतीवर लावण्याची प्रथा वऱ्हाडात, म्हणजे मुख्यतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झाली. सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतील मेळघाटचे अरण्य एका बाजूस आणि काळविटांचे कळप बाळगणारी पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन दुसऱ्या बाजूस, अशी या प्रदेशाची रचना असल्यामुळे भरीव व पोकळ अशी दोन्ही प्रकारची शिंगे येथील जुन्या घरांत आढळतात. शिकारीस आज कायद्याने बंदी आहे. तथापि पूर्वी भिंतीवर चढलेली शिंगे अनेक कुटुंबांकडे वारशाने आलेली असून त्यांची ओळख, निगा व कायदेशीर स्थिती हे प्रश्न अजून शिल्लक आहेत.

मराठीत ‘शिंग’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंना लावला जातो. गाय, म्हैस, गवा, काळवीट, चिंकारा, चौशिंगा व नीलगाय (वऱ्हाडात रोही) यांची शिंगे पोकळ असतात. आत हाडाचा गाभा व बाहेर केराटिनाचे, म्हणजे नख व केस ज्या द्रव्याचे बनतात त्याच द्रव्याचे, आवरण अशी त्यांची घडण असते. ती जन्मभर टिकतात, वाढत राहतात आणि त्यांना फाटे फुटत नाहीत. सांबर, चितळ, भेकर व बारशिंगा यांची शिंगे मात्र संपूर्ण हाडाची असतात व ठराविक काळाने गळून पडून पुन्हा उगवतात. रेनडियर वगळता ती नरांनाच येतात. पुढील विवेचनात भरीव शिंगांस मृगशृंग व पोकळ शिंगांस शिंग असे म्हटले आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. एकास वाळवी व कसर यांचे फारसे भय नसते, तर दुसऱ्याचे आवरण किडे पोखरतात. एक अरण्यात पडलेले सापडू शकते, तर दुसरे प्राणी मेल्यावाचून हाती येत नाही.

मृगशृंगाची वाढ कवटीच्या पुढील हाडावरील दोन उंचवट्यांपासून होते. या उंचवट्यांस शृंगाधार म्हणतात. नवे शृंग मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या व बारीक लव असलेल्या मखमली त्वचेने आच्छादलेले असते. या अवस्थेत त्याची वाढ विलक्षण वेगाने होते. मोठ्या हरणांत ती दिवसाला एक सेंमी.पेक्षाही अधिक असू शकते. वाढ पुरी झाली की आतील ऊती हाडात रूपांतरित होते, त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो आणि नर झाडांच्या बुंध्यांवर शिंगे घासून सुकलेली त्वचा काढून टाकतो. मध्य भारतात बहुतेक सांबर नर मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत शृंगे टाकतात. पावसाळा नव्या वाढीचा असतो व नोव्हेंबरच्या सुमारास, माजाच्या काळात, ती पूर्ण कठीण झालेली असतात. चितळात हा क्रम इतका नियमित नाही. मध्य प्रदेशात ऑगस्ट-सप्टेंबरात बरीच शृंगे गळतात, परंतु कठीण शृंगे असलेले नर वर्षभर दिसतात. म्हणून जुन्या ढालीवर ‘सांबर, मे महिना’ अशी नोंद असून शृंग पूर्ण कठीण व घासलेले असेल, तर त्या नोंदीबद्दल शंका घेण्यास जागा असते.

गळालेली शृंगे अरण्यात फार दिवस राहत नाहीत. साळिंदर व इतर कुरतडणारे प्राणी ती कुरतडतात आणि कॅल्शियम व फॉस्फरस मिळवतात. मेळघाटात सापडणाऱ्या अनेक तुकड्यांवर समांतर, छिन्नीने ओढल्यासारख्या खाचा दिसतात, त्या साळिंदराच्या दातांच्या होत. हाडातील खनिज जमिनीतून गवतात, गवतातून हरणात आणि शृंगावाटे पुन्हा रानात जाते. कोणी ते घरी नेऊन टांगले तर ही साखळी तेथे तुटते. एका शृंगाने अरण्य ओस पडत नाही हे खरे. पण भित्तिसजावटीस मागणी आली की गोळा करणारे हात पुष्कळ होतात, आणि गळालेल्या शृंगाच्या नावाखाली मारलेल्या प्राण्याचे शृंगही विकले जाऊ लागते.

ओळख : वऱ्हाडातील जुन्या भिंतींवर मुख्यतः सांबर व चितळ यांची शृंगे असतात. सांबराचे शृंग जाड, खडबडीत व तपकिरी असून त्यास प्रत्येक बाजूस सामान्यतः तीन टोके असतात: बुडाजवळ पुढे येणारा भुवईफाटा आणि वर दांडा दुभागून झालेली दोन टोके. भुवईफाटा मुख्य दांड्याशी लघुकोन करतो. चितळाच्या शृंगासही तीनच टोके असतात, पण ते सडपातळ, कमी खडबडीत व वीणेसारखे बाहेर वळून वर आत येणारे असते आणि त्याचा भुवईफाटा दांड्याशी जवळजवळ काटकोन करतो. या एका खुणेवरून बहुतेक वेळा निर्णय करता येतो. भेकराचे शृंग बोटभर लांबीचे असते, मात्र त्याखालचा केसाळ शृंगाधार त्याहून लांब असतो. त्यामुळे कवटीच्या पट्टीसह टांगलेली भेकराची जोडी चिमट्यासारखी दिसते. बारशिंगा मेळघाटात आढळत नाही. एखाद्या वाड्यात दहा-बारा टोकांचे शृंग असल्यास ते मध्य प्रदेशातून, बहुधा कान्हाच्या बाजूने, आलेले समजावे. त्या भागातील बारशिंग्याच्या उपजातीस ज्यांच्या नावावरून ‘ब्रँडेरी’ हे नाव पडले ते ए. ए. डनबार ब्रँडर हे मध्य प्रांताचे वनाधिकारी होते. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ या विषयावर अजून उपयुक्त ठरतो. काळविटाची पिळदार, कडी-कडी असलेली शिंगे ही मैदानी वऱ्हाडाची खूण होय.

शृंगाचे बूड पाहिल्यास त्याचा इतिहासही कळतो. गळून पडलेल्या शृंगाचे बूड किंचित फुगीर, खरखरीत व सर्व बाजूंनी दाणेदार कड्याने वेढलेले असते. त्याखाली कवटीचे हाड नसते. उलट शृंगाधार व कपाळाचा तुकडा जोडलेला असेल तर तो प्राणी मेलेला होता हे निश्चित, मग तो बंदुकीने मेला असो वा अन्य कारणाने. जुन्या व्यापारात गळालेल्या दोन शृंगांना कोरीव लाकडी कपाळ जोडून, वर कातडे चढवून एक ‘जोडी’ बनवीत. दोन्ही बाजूंच्या कड्यांची जाडी, रंग व फाट्यांची उंची जुळत नसेल तर अशी बनावट ओळखता येते. घरातील मंडळी तिच्याविषयी सांगत असलेली रोमहर्षक शिकारकथा मग बाजूस ठेवावी लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : शृंगाचा उपयोग भारतात फार जुना आहे, मात्र तो भिंतीवरचा नव्हे. भीमबेटकाच्या शैलाश्रयांत फाटेदार शिंगांची हरणे रंगविलेली आहेत. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेलगत, बैतूल जिल्ह्यातील धारूळ गावाजवळचे अंबादेवी शैलाश्रय २००७ पासून अमरावतीच्या निसर्ग अभ्यासकांच्या भटकंतीतून प्रकाशात आले. तेथेही वन्य प्राण्यांची चित्रे आहेत. वैदिक सोमयागात दीक्षा घेतलेल्या यजमानाने अंगास खाज सुटल्यास नखाने न खाजवता काळविटाच्या शिंगाने, म्हणजे कृष्णविषाणेने, खाजवावे असा विधी आहे. आयुर्वेदात मृगशृंगाचे भस्म सांगितले आहे. मराठी घरांत सांबरशिंग ही आजीच्या बटव्यातील वस्तू होती. छाती किंवा बरगडी दुखू लागल्यास ते सहाणेवर पाण्यात उगाळून त्याचा लेप लावीत. त्यामुळे वऱ्हाडातील कित्येक जुन्या शृंगांची टोके एका बाजूने सपाट, गुळगुळीत झालेली दिसतात. संग्राहकाच्या दृष्टीने ती खराब झालेली शृंगे होत. लोकजीवनाच्या अभ्यासकास मात्र अखंड टोकाच्या शृंगापेक्षा अशी झिजलेली शृंगे अधिक काही सांगतात. याशिवाय सुऱ्यांच्या मुठी, बटणे व काठीची टोके करण्यासाठीही मृगशृंग वापरले जाई.

शिकारीचे चिन्ह म्हणून शृंग भिंतीवर लावण्याची रीत यूरोपातून आली. जर्मनीत ड्रेझ्डेनजवळील मोरिट्सबुर्ग येथील राजवाड्यात तांबड्या हरणांच्या शृंगांचा प्रसिद्ध संग्रह आहे. स्कॉटलंडमधील मार लॉजच्या नृत्यशाळेचे छत व भिंती दोन हजारांहून अधिक शृंगांनी मढविलेल्या आहेत. लंडनचे चर्मपूरण-व्यावसायिक रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये मोठ्या शिकारीच्या मोजमापांची नोंदवही प्रसिद्ध केली, तेव्हापासून शृंगाची लांबी ही एक प्रकारची पत बनली. कड्यापासून वरच्या टोकापर्यंत बाहेरच्या वळणाने पोलादी फीत धरून लांबी, कड्याच्या वर घेर आणि टोकांची संख्या अशी मापे घेत. मध्य भारतात चाळीस इंच, म्हणजे सु. १०० सेंमी., लांबीचे सांबरशृंग चांगले मानीत. या मोजमापाच्या हौसेचा एक परिणाम असा की, शिकाऱ्याचा नेम कळपातील सर्वांत भरदार नरावर, म्हणजे वंशवृद्धीस सर्वांत योग्य अशा प्राण्यावर, धरला जाई.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १९०२ मध्ये त्याचा कायमचा भाडेपट्टा झाला व पुढील वर्षी ते मध्य प्रांतास जोडण्यात आले. एलिचपूर (अचलपूर) येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तेथून जवळच, सु. १,१०० मी. उंचीवरील चिखलदरा हे १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन यांनी प्रथम पाहिले असे सांगतात. पुढे ते वऱ्हाडातील अधिकाऱ्यांचे उन्हाळ्यातील ठिकाण बनले. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या तापीस मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत वनखात्याने विश्रामगृहे बांधली. बंगल्याच्या व्हरांड्यात शृंगांची रांग ही त्या काळच्या मध्य प्रांतीय अधिकाऱ्याच्या घराची ठराविक शोभा होती. तिच्या टोकांवर टोप्या, छत्र्या व पट्टे अडकवीत. अधिकाऱ्यांपाठोपाठ जमीनदार, देशमुख व वकील मंडळींनी ही रीत उचलली. वाड्याची ढेलज किंवा दिवाणखाना ही तिची जागा. देवघराच्या भिंतीवर मात्र ती सहसा गेली नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. बाहेरून येणाऱ्यास दिसावीत हाच हेतू असल्याने घरातही ती दर्शनी भागापुरती राहिली.

शिकारीचे श्रेय भिंतीवर एकाचे नोंदले जाई. रान दाखविणारा कोरकू वाटाड्या, हाकारे घालणारे गावकरी, कातडे सोलून कवटी साफ करणारा माणूस यांची नावे ढालीवर येत नसत. फासेपारध्यांचे प्राण्यांविषयीचे ज्ञान मैदानी वऱ्हाडात सर्वांत सूक्ष्म होते. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या शिकारी जमातींवर कायमचा संशय लादला गेला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द होऊनही संशय पूर्णपणे गेला नाही. पोटासाठी फासे लावणारा गुन्हेगार आणि भिंतीसाठी गोळी झाडणारा षौकीन अशी ही विभागणी होती. तिचे साक्षीदार म्हणूनही या शृंगांकडे पाहता येते.

शिकारीचे नियमन इंग्रजी अमदानीतच सुरू झाले होते. अरण्याचे शिकारीसाठी विभाग पाडून परवाने दिले जात. १९३५ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी स्वतंत्र मृगया कायदा झाला. परवान्याची ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही काही दशके टिकली.

कवटी साफ करणे व ढालीवर बसविणे : या कामाची पद्धत येथे दिली आहे ती जुन्या वस्तूंची दुरुस्ती करणाऱ्यास व संग्रहालयांस उपयोगी पडावी म्हणून. नुसती शृंगे ठेवावयाची असल्यास कवटी डोळ्यांच्या खोबणींच्या मध्यातून आडवी कापून कपाळाचा तुकडा शृंगांसह वेगळा करीत. पूर्ण कवटी ठेवण्याची पद्धत शास्त्रीय दृष्ट्या अधिक चांगली, कारण दातांवरून प्राण्याचे वय ठरविता येते. मांस व मेंदू काढून कवटी मंद आचेवर पाण्यात शिजवीत. शृंगांचा रंग उतरू नये म्हणून ती पाण्याबाहेर राहतील अशी बेताने टांगीत. सांबराच्या शृंगाचा तपकिरी रंग हा मुख्यतः झाडाच्या सालीतील रसाचा व मातीचा असतो. तो एकदा धुतला गेला की परत आणता येत नाही, आणि चहाचे पाणी वा वार्निश लावून आणलेला रंग लगेच ओळखू येतो. हाड पांढरे करण्यास हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. ब्लीचिंग पावडरीने हाड ठिसूळ होऊन पुढे त्याची पूड पडू लागते. अनेक घरांतील कपाळाचे तुकडे याच कारणाने झिजले आहेत.

ढाल सागवानाची करीत. वऱ्हाडात हे लाकूड मुबलक होते, शिवाय ते सहसा वाकत नाही व त्यास कीड कमी लागते. कपाळाच्या तुकड्याची खालची बाजू समतल घासून, ढालीच्या मागून दोन मळसूत्री खिळे हाडाच्या जाड भागात बसवीत. पितळी स्क्रू लोखंडापेक्षा बरे, कारण पावसाळ्यात लोखंड गंजून हाडावर तांबडे डाग उतरतात. सांबराची जोडी चांगलीच जड असते. ती केवळ गिलाव्यात ठोकलेल्या खुंटीवर न पेलता विटेच्या वा दगडाच्या जोडात बसविलेल्या हुकावर तोलावी लागते. मातीच्या भिंतींच्या जुन्या वाड्यांत ती तुळईस किंवा लाकडी खांबासच अडकविलेली आढळते. जमिनीपासून उंची इतकी असावी की भुवईफाट्याचे टोक येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यास लागू नये. ही साधी गोष्ट अरुंद ढेलजेत फार वेळा विसरली गेली आहे.

चर्मपूरण केलेल्या मुंडक्यांचे तंत्र वेगळे व पुष्कळ कठीण आहे. भारतात या धंद्यात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन या संस्थेचे नाव सर्वांत मोठे होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी निघालेली ही संस्था १९९९ मध्ये बंद पडली. देशभरच्या संस्थानिकांची व अधिकाऱ्यांची कातडी तेथे जात. ढालीमागे त्या संस्थेचे लेबल असल्यास ते काढू नये; वस्तूचा काळ ठरविण्यास त्याचा उपयोग होतो. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात नैसर्गिक रीत्या मेलेल्या वन्य प्राण्यांचे चर्मपूरण शिक्षणासाठी केले जाऊ लागले. मृत प्राण्याचे रूप टिकविण्याचे हेच तंत्र येथे शिकारीपासून पूर्णपणे वेगळे झाले आहे.

निगा : कोरड्या, सावलीच्या भिंतीवर मृगशृंग शतकभर सहज टिकते. त्याचे खरे शत्रू दोन, टोकाची उष्णता व माणसाची हौस. अकोल्यात उन्हाळी तापमान ४५° से.च्या वर जाते. पश्चिमेचे ऊन येणाऱ्या भिंतीवर शृंगास उभ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगांत बुरशी धरते. त्यांत लाख वा लांबी भरण्यापेक्षा जागा बदलणे हाच उपाय होय. तेल, मेण किंवा वार्निश लावू नये. त्यावर धूळ बसून काळा, चिकट थर तयार होतो. मऊ कुंचल्याने बुडाकडून टोकाकडे झाडावे व फार तर किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. पोकळ शिंगांच्या बाबतीत आवरण व गाभा यांच्यामधील पोकळी तपासावी. बुडाशी बारीक भुसा दिसल्यास कीड लागली आहे असे समजावे.

एका धोक्याची मात्र कल्पना सर्वांस नसते. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत कातड्याचे किड्यांपासून रक्षण करण्यासाठी आतील बाजूस आर्सेनिकयुक्त साबण लावीत. हे विष उडून जात नाही. जुन्या मुंडक्याचे कातडे फाटले, केस गळू लागले किंवा शिवण उसवली की ते धुळीबरोबर बाहेर पडते. अशी मुंडकी मुलांच्या हाती देऊ नयेत, उन्हात झटकू नयेत, त्यांच्याखाली अंथरूण घालू नये. हाताळताना हातमोजे व नाकावर फडके वापरावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. जुन्या शृंगाच्या कपाळास कातड्याचा अवशेष चिकटलेला असेल तर ते शृंग उगाळून औषध म्हणून वापरणे सर्वस्वी गैर होय.

कायदेशीर स्थिती : भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनात सापडलेली किंवा वनातून आणलेली वन्य प्राण्यांची कातडी, शिंगे व हाडे ही वनोपज ठरतात. म्हणजे रानात पडलेले शृंग उचलून आणणे हा बेवारशी वस्तूचा लाभ नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने शिकारीच्या चिन्हांची व्याख्या केली, आणि मृगशृंग व शिंग यांचा तीत स्पष्ट समावेश आहे. पहिल्या अनुसूचीतील व दुसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागातील प्राण्यांच्या अशा वस्तू बाळगणाऱ्यांनी अधिनियम लागू झाल्यापासून ३० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे त्यांची घोषणा करावी, चौकशीअंती मालकीचे प्रमाणपत्र मिळावे, अशी योजना होती. काळवीट पहिल्या अनुसूचीत होता. सांबर, चितळ व भेकर हे मात्र तिसऱ्या अनुसूचीत, परवान्याने करावयाच्या मोठ्या शिकारीच्या वर्गात होते. परिणामी एकाच भिंतीवरच्या दोन ढालींपैकी एकीस कागद हवा व दुसरीस नको अशी स्थिती निर्माण झाली. १९७२ नंतरही परवान्याने शिकार काही काळ शक्य होती. १९९१ च्या दुरुस्तीने तो मार्ग बंद झाला.

२००२ ची दुरुस्ती १ एप्रिल २००३ पासून अमलात आली. प्रमाणपत्र नसलेल्यांना घोषणा करण्याची आणखी एक संधी त्या वर्षी १८० दिवसांसाठी देण्यात आली. त्यानंतर या अनुसूचींतील प्राण्यांच्या वस्तू वारशाखेरीज अन्य मार्गाने नव्याने मिळविता येत नाहीत, आणि वारसाने ९० दिवसांत तशी घोषणा करावयाची असते. प्रमाणपत्र असले तरी विक्री किंवा अन्य व्यापारी देवघेव करता येत नाही. भंगारवाला, जुन्या फर्निचरचा व्यापारी किंवा चित्रपटासाठी सामान पुरविणारा यांस अशी वस्तू विकत देणारे कुटुंब, वाडा पाडताना केवळ अडचण दूर करावी या हेतूने का होईना, गुन्ह्यात सापडू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना करून त्यांची संख्या चारवर आणली. कोणत्या जातीस आज कोणते बंधन लागू आहे हे या नव्या अनुसूचींवरून पाहावे लागते, जुन्या माहितीवर विसंबून चालत नाही. याच दुरुस्तीने प्रमाणपत्रधारकास आपली वस्तू स्वेच्छेने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे सुपूर्द करण्याची सोय झाली. तिचा मोबदला मिळत नाही व ती राज्य शासनाच्या मालकीची होते.

शास्त्रीय मूल्य : जुन्या शृंगांचा सर्वांत मोठा उपयोग त्यांवरील नोंदीत आहे. ठिकाण, दिनांक व माप लिहिलेली ढाल म्हणजे त्या प्राण्याच्या तेथील वास्तव्याचा पुरावा होय. हाडातील जनुकद्रव्य काढून त्या काळच्या कळपांची तुलना आजच्या कळपांशी करता येते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाचा बराच भाग हौशी सभासदांनी दिलेल्या नमुन्यांतून उभा राहिला. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडी अजबबंगला, हे १८६३ पासूनचे असून तेथे प्राण्यांचे स्वतंत्र दालन आहे. वऱ्हाडातील खाजगी शृंगांच्या बाबतीत मात्र नोंदी फार तोकड्या आहेत. रंगरंगोटीच्या वेळी ढाल बदलली जाते, पितळी पाटी भांड्यांबरोबर मोडीत जाते, आणि ‘आजोबांनी मारलेले सांबर’ एवढीच माहिती उरते. कोणत्या रानातले, कोणत्या सालचे, हे सांगू शकणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. ज्या घरांत ती माणसे अजून आहेत तेथे त्यांच्या आठवणी ढालीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवणे हे शृंगास पॉलिश करण्यापेक्षा अधिक निकडीचे काम आहे.

१९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला. अकोला जिल्ह्यातील नरनाळा, तसेच वान व अंबाबरवा ही अभयारण्ये पुढे त्याच्याशी जोडली गेली. मैदानातील काळविटांसाठी वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य झाले. जेथे वनखात्याची निसर्ग परिचय केंद्रे आहेत तेथे शृंगाचे स्थान बदललेले दिसते. ते भिंतीवर उंच न ठेवता मेजावर, मुलांच्या हातास लागेल असे ठेवले जाते. साळिंदराच्या दातांच्या खाचा व बुडाचे दाणेदार कडे बोटाने चाचपून पाहता येते. घरच्या सजावटीसाठी लाकडात कोरलेली, प्लास्टरात वा रेझिनमध्ये ओतलेली शृंगे बाजारात मिळतात. अशा ओतीव प्रतिकृतीत साच्याचा जोड कडेने रेषेसारखा दिसतो व तापविलेली सुई टोचली असता हाडाच्या जळक्या केसांसारख्या वासाऐवजी प्लास्टिकचा वास येतो. खऱ्या शृंगाचा संशय असल्यास ही चाचणी स्वतः न करता वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे.